अक्का, चार्ज द्यायचा राहिला

अक्का, तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी वत्सलाबाई आल्या होत्या.

आत नाही आल्या. फाटकाची कडी धरून उभ्या राहिल्या, चपला पायातच. अंगणात सतरंजी टाकलेली, भेटायला आलेली माणसं बसलेली. मी सकाळीच राख सावडून आलो होतो आणि सिल्लोडहून आलेल्या पाहुण्यांना तुझी एक गंमत सांगत होतो. माझ्या शाळेत लसटोचणीला येऊन तू माझ्याच मास्तरांना रडवलंस, ती. वत्सलाबाईंना मी लगेच ओळखलं. अकरा वर्षांत बाई पार वाळून गेल्यात, पण उभं राहायची ढब तीच, एका पायावर भार टाकून. उठावं, ‘या, बसा’ म्हणावं, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण गोष्ट ऐन भरात आली होती. ती संपवली, माणसं हसली, आणि वर बघितलं तर फाटकाशी कुणी नव्हतं.

तूच म्हणायचीस ना, “घराला आग लागली तरी दिग्या आधी गोष्ट संपवंल, मंग पाणी बघंल.”

आज अठरा दिवस झाले. तुझ्याबद्दलचं बाकीचं सगळं सांगून झालंय. नर्स म्हणून नोकरी किती वर्षं, भाऊजी गेल्यावर एकटीनं कसं निभावलं, आई गेल्यावर धाकट्या भावाला कसं वाढवलं, सगळं. चौकात फ्लेक्स लागला. त्यात ‘शोकाकुल’च्या खाली माझं नाव तुझ्या नावापेक्षा थोडंसं मोठंच पडलंय, कारण फ्लेक्सवाला माझ्या ओळखीचा. तू असतीस तर शिडी आणून काढायला लावला असतास.

मला ते काही लिहायचं नाही. मला तुला एक सांगायचंय. ते सांगायला अकरा वर्षं होती. शेवटचे पाच आठवडे तर मी रोज तुझ्या खाटेशेजारीच बसलेलो होतो, आणि गप्प होतो असंही नाही. सारखा बोलतच होतो.

तुझ्या सत्संगात बट्टीची गोष्ट वत्सलाबाईंनी नेली नाही, अक्का. मी नेली.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला निम्मं माहीत आहे, तरी ऐक.

भाऊजी गेल्यावर तू त्या सत्संगात जायला लागलीस. वीस वर्षं गेलीस. ड्यूटी संपली की घरी न येता तिकडं. प्रवचनात तुला फारसा रस नव्हता, हे मला ठाऊक होतं. महाराज वर बसून मोक्षाचं सांगत आणि तू खाली मागच्या खोलीत वत्सलाबाईंबरोबर पातेली घासत असायचीस. तुझा जीव त्या पातेल्यांत होता. तुम्ही दोघी तिथं काय बोलायचात देव जाणे, पण हसण्याचा आवाज मंडपापर्यंत यायचा आणि पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून बघायची. मी एकदा विचारलं, “अक्का, तुझा विश्वास बसतो का गं या सगळ्यावर?” तू म्हणालीस, “विश्वासाचं मला कळत नाय बाबा. माणसं चांगली हायेत. दुखलं-खुपलं विचारत्यात.” तुझा धर्म एवढाच होता तेव्हा. माझा त्याहून कमी होता. माझ्या घरी सुनंदा देवापुढं दिवा लावते, मी काडेपेटी शोधून देतो.

मग तो भंडारा. दोनशे माणसांची वरण-बट्टी, आणि बट्टीचं पीठ सैल पडलेलं. सैल पिठाची बट्टी निखाऱ्यावर टाकली की फुटते, हे तुम्हा दोघींना कळत होतं, पण सावरायचं कसं ते कळत नव्हतं. नेमक्या त्याच वेळी नसीमआपा आल्या. तुझे दवाखान्याचे पांढरे ड्रेस वर्षानुवर्षं त्याच शिवायच्या. तूच त्यांना महाराजांच्या लोडांच्या खोळी शिवायला सांगितल्या होत्यास, त्या द्यायला आलेल्या. शहागंजात त्यांच्या सासरची नानची भट्टी. पीठ बघूनच म्हणाल्या, हे असं नाही होणार. बाह्या वर केल्या, कोरडं पीठ मागून घेतलं, आणि अर्ध्या तासात सगळं मळून, मुठी वळून दिल्या. तुम्ही तिघीच होतात त्या खोलीत. दोनशे माणसं जेवली. बट्टी इतकी खुसखुशीत कधी झाली नव्हती असं सगळे म्हणाले.

तू घरी आलीस ती हसतच. मला सगळं सांगितलंस. “कुणाला बोलू नको हां दिग्या. कुणाला काय नि कुणाला काय वाटतं आजकाल.” मी म्हटलं, मी कशाला बोलतोय.

पुढच्या महिन्यात सिल्लोडला लग्न होतं. पंगतीत समोर दहा-बारा माणसं, भात यायला उशीर. अशा वेळी माझं काय होतं तुला माहीत आहे. मी बट्टीची गोष्ट सांगितली. नुसती सांगितली असती तरी एक वेळ ठीक होतं. मी ती रंगवली. नसीमआपांचा आवाज काढला, नाकातून. महाराजांचा आवाज काढला. महाराजांनी त्या दिवशी एकच बट्टी घेतली होती, तूच सांगितलं होतंस. पण एकावर कुणी हसत नाही. मी त्यांना तीन खायला लावल्या. ‘माई, अजून एक वाढा, या बट्टीत काहीतरी दिव्य आहे,’ असं तीनदा म्हणायला लावलं, तिन्ही वेळा आवाज चढवत. पंगत हसून लोळायची बाकी राहिली. सगळ्यांत जास्त हसत होते ते एक गोरे, चष्मेवाले गृहस्थ. कोण ते मी विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, रसिक आहेत.

आठ दिवसांनी तुला सत्संगातून बोलावणं आलं. मीच गाडीवर सोडलं आणि बाहेर थांबलो. तू तासाभरानं आलीस, मागं बसलीस. सूतगिरणी चौक आला. मग माझ्या पाठीशी तोंड आणून सांगायला लागलीस. ते सात जण बसलेले, तू उभी. म्हणे, अकरा गुरुवार पायरीशी बसायचं आणि सगळ्यांदेखत चुकलं म्हणायचं. तू विचारलंस, “काय चुकलं ते सांगा. पीठ चांगलं झालं ते चुकलं, का मळणारी चुकली?” एकानं पुन्हा ‘अकरा गुरुवार’ म्हटलं. तू म्हणालीस, “तिनं शिवलेल्या खोळीला टेकून बसलात ना तुम्ही आत्ता?” त्यावर एक जण उठून लोडापासून सरकून बसला. ते सांगताना तुला हसू आलं होतं. मग ते थांबलं.

“पण दिग्या, एक कळत नाय. ते म्हणले, ‘महाराजांनी तीनदा मागून घेतली म्हणून गावभर हसता.’ तीनदा कुठून आलं रे? एकच तर घेतली होती त्यांनी.”

गाडी मी चालवत होतो. माझं तोंड तुला दिसत नव्हतं, अक्का. तेवढ्यावर मी वाचलो.

“वत्सलाच असंल,” तू म्हणालीस. “तिथं आम्ही तिघीच होतो.”

मी काय म्हणालो, आठवतं? मी म्हणालो, “असेल बाई. कुणाच्या पोटात काय.” तू मला धरलंच नव्हतंस मोजणीत. मी घरातला.

वत्सलाबाई दोनदा तुझ्या दारात आल्या तेव्हा. दोन्ही वेळा तू आतून सांगितलंस की झोपलेय म्हणून. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत.

सत्संग तू सोडलासच, आणि त्यानंतरची तीन वर्षं आपण दोघं देव बघत हिंडलो, असं मी सगळ्यांना सांगतो. त्यावरही माणसं हसतात. तुला बसायला माणसं पाहिजे होती. दर रविवारी तुझं, “दिग्या, गाडी काढ.” लोकांना वाटायचं काय भाऊ आहे, बहिणीला देवधर्माला घेऊन फिरतो. मला मात्र ठाऊक होतं की मी कशाचं पेट्रोल जाळतोय.

तुझी तपासणी कुठंही गेलं तरी एकच. पुढं बसायचं नाही. सरळ मागं, जिथं कप विसळतात, ताटं घासतात तिथं जायचं, पदर खोचायचा आणि कान उघडे ठेवायचे. गारखेड्याच्या एका मंडळात तू वीस मिनिटांत बाहेर आलीस. “चल. आत्ताच उठून गेलेल्या बाईच्या सुनेचं चाललंय आत.” छावणीतल्या चर्चमध्ये तुझ्याबरोबरच्या सिस्टर घेऊन गेल्या, तिथं तुला बाक आवडले, तुझ्या गुडघ्यांमुळं. पेटी-तबल्यावर मराठीत गायलेलं आवडलं. चार-पाच वेळा गेलीस. मग म्हणालीस, “शेवटी त्यांचं एक वाक्य सगळ्यांना म्हणायचं असतं. ते चांगलं हाय. पण मला मनापासून म्हणता येत नाय, आणि नुसतं तोंड हलवायला मी तिथून कशाला उठून आले मंग?” ध्यानाच्या शिबिराला तू दहा दिवस मौन धरून आलीस. मीही नाव घातलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीवरच्या पालीशी बोलताना सापडलो आणि मला अतिशय प्रेमानं घरी पाठवण्यात आलं. देव न मानणाऱ्यांच्या सभेतही आपण गेलो. तिथं तू खूश होतीस, पोरं हुशार, प्रश्न विचारणारी. परत येताना म्हणालीस, “यांचं सगळं पटतं रे. पण माझ्या शेजारची गिरजाबाई नवस बोलते म्हणून सांगितलं तर हसले ते. तिचं पोर आजारी असताना हसायला नको होतं.”

“अक्का, तुला हवंय तसं कुठंच नसतं,” मी एकदा वैतागून म्हणालो. “चांगलं वागायला चार माणसं लागतातच कशाला? घरी बसून वागावं चांगलं.”

“घरी बसून तू वाईट कुणाशी वागणार? टीव्हीशी?”

“आणि विचारायला देव आहे की.”

“तो विचारत नाय, हीच तर पंचाईत हाय. एकटा माणूस स्वतःला लई लवकर सोडून देतो, दिग्या. विचारणारं कुणीतरी समोर लागतं.”

हा वाद आपला कधी संपला नाही. मी तो हसण्यावारी नेऊन दर वेळी बरोबरीत सोडवला. आता माझ्याकडं त्याचं उत्तर आहे, आणि ते तुझ्या बाजूचं आहे.

मग तू निवृत्त झालीस आणि रविवारी सकाळी सिडकोतल्या तुझ्या पुढच्या खोलीत आपली बैठक सुरू झाली. नसीमआपा, देव न मानणाऱ्यांच्या सभेत भेटलेले मोरे सर, मी, आणि कधीमधी गिरजाबाई. नाव नाही, फोटो नाही, उदबत्ती नाही. “ज्याचा देव त्यानं घरून आणावा आणि जाताना परत न्यावा, इथं ठेवून जायचा नाय,” असं तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. मोरे सर म्हणाले, मी मोकळ्या हातांनी येतो, मला सोपं आहे.

आणि कामाची रीत तू वॉर्डातून आणलीस. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला चार्ज देते, तसं. कुठल्या बेडचं सलाईन संपत आलंय, कुणाचा डोस द्यायचा राहिला, कुणाला चुकून दोनदा दिला. तिथं कुणी रडत नाही, कुणी माफी मागत नाही आणि कुणी माफ करत नाही. राहिलेलं, चुकलेलं मोठ्यांदा सांगायचं, कारण न सांगता घरी गेलं की पेशंट मरतो. “तसंच करू,” तू म्हणालीस. “आठवड्यात कुणाचं काय चुकलं ते नाव घेऊन सांगायचं. आणि पुढच्या रविवारच्या आत त्या माणसाकडं जाऊन यायचं. बास. बाकी ग्यान नाय.”

 मी पहिल्या रविवारी सांगितलं की मी सुनंदाची चकली चोरून खाल्ली. सगळे हसले. दुसऱ्या रविवारी मी शेजाऱ्याचा पेपर आधी वाचून परत घडी घालून ठेवतो ते सांगितलं. आठ वर्षं मी असा किरकोळ माल आणत राहिलो. मोरे सरांनी आपल्या मुलाला सुनेच्या जातीवरून बोललेलं कबूल केलं आणि त्याच्या सासरी जाऊन आले. नसीमआपांनी सवतीच्या पोराला कमी कापडाचा सदरा शिवला होता, वीस वर्षांपूर्वी, ते सांगितलं आणि त्या सिल्लोडला माहेरी जाताना वाकडी वाट करून त्याच्याकडं उतरल्या. मी चकल्या सांगत होतो.

एका रविवारी तू म्हणालीस, “माझं एक हाय. लई दिवसांचं. मला वत्सलाला माफ करता येत नाय. ती चुकली ते तिचं. पण मी तिला दारातून दोनदा परत लावलं, आतून खोटं बोलले, हे माझं. जावं वाटतं. पाय उचलत नाय.”

 तुझ्या हातात कप होता, तो तू बशीत ठेवलास. माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं, अक्का. खरंच आलं होतं. आणि मी म्हणालो, “अगं, पाय उचलत नसेल तर मी गाडी काढतो की.”

तूसुद्धा हसलीस.

शेवटच्या आठवड्यात, मोसंबीचा रस चमच्यानं पाजत होतो तेव्हा, तू अचानक विचारलंस, “दिग्या, खरं सांग. ते तिथं कसं कळलं असंल रे?” कशाबद्दल ते तू बोलली नाहीस. तुला गरज वाटली नाही आणि मलाही विचारायची लागली नाही. तू माझ्याकडं बघत होतीस. ताप नव्हता त्या दिवशी, डोळे स्वच्छ होते. मी म्हणालो, “जाऊ दे ना आता. रस घे.” तू रस घेतलास.

तुला संशय आला होता का, हे मी अठरा दिवस स्वतःला विचारतोय. आला होता असं मानलं तर मला बरं वाटतं, म्हणून मी ते मानत नाही. तू मला कधीच मोजणीत धरलं नव्हतंस. तू साधं विचारलं होतंस, भावाला.

पहिले दोन रविवार बैठक झाली नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं. काल झाली. किल्ली माझ्याकडं होती, खोली मीच उघडली. मोरे सर, नसीमआपा आणि मी. तुझ्या खुर्चीवर कुणीतरी बसावं की रिकामी ठेवावी यावर आम्ही थोडा वेळ उभेच राहिलो. मग मोरे सर म्हणाले, “अक्कांना असले चोचले चालायचे नाहीत,” आणि ते त्यात बसले.

मी सांगितलं. सिल्लोडची पंगत, चष्मेवाले गृहस्थ, तीन बट्ट्या, सगळं. पहिल्यांदाच गोष्ट सांगताना मला माणसांच्या तोंडाकडं बघता येईना.

नसीमआपा आपल्याशी मराठीतच बोलतात. दुखलं की दखनीवर जातात. त्या म्हणाल्या, “वो शादी में मेरा क्या बताए थे, भाऊ?”

मी म्हणालो, तुमचा आवाज काढला होता.

“निकालो. सुनने दो मेरेकू.”

“आपा, नको.”

“वहां दस लोगां के सामने निकाले ना? यहां तो दोईच हैं.”

मी काढायचा प्रयत्न केला, अक्का. ‘पीठ ऐसा नक्को’ एवढंच म्हणालो. तेवढंही नाकातून.

“मैं नाक में कब बोली?” त्या म्हणाल्या. चिडून नाही. खरंच विचारत होत्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “अक्का मेरेकू बोलती थी, नसीम, तेरे पिठामुळं माझी वत्सला गेली. हसके बोलती थी. मैं घर जाके रोती थी. मेरे हाथ से हुआ समझके.” मग वर बघितलं. “वत्सलाबाई के घर गए थे?”

“नाही.”

“तो यहां कायकू बोल्ले? जिसका है, उसको जाके बोलो. अक्का का कायदा है ना?”

मोरे सर उठले, माझी गाडीची किल्ली टेबलावरून उचलून स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाले, “रिक्षानं जा.”

चिकलठाण्याला विमानतळाच्या पुढं ज्या नव्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत वत्सलाबाई राहतात, मुलाकडं, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा-सून बाहेर गेलेले. त्या जमिनीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. पाणी दिलं. “त्या दिवशी आले होते मी,” म्हणाल्या. “माणसं लई होती. तुम्ही बोलत होता.”

मी सुरुवात केली. रिक्षात जुळवून आणलेली होती, भंडाऱ्यापासून. त्यांनी शेंग मोडता मोडताच सांगितलं, “दिगंबरभाऊ, लांबण नका लावू.”

मग मी दोन वाक्यांत सांगितलं. एवढं थोडक्यात मी आयुष्यात काही सांगितलं नव्हतं.

त्यांचे हात थांबले. “म्हणजे मी नाय बोलले?”

“नाही.”

“पक्कं ठाऊक हाय तुम्हाला?”

“तीनदा हे मी घातलं होतं त्यात. दुसऱ्या कुणाला माहीत असणं शक्य नाही.”

त्या भिंतीकडं बघत राहिल्या. मग बोलल्या ते माझ्याशी असं नाही. “मला वाटायचं मीच बोलले असंन. अक्का खोटं बोलणारी नव्हती. ती म्हणती असं कानावर आलं, म्हणजे मीच. लई आठवून बघितलं, भाजीवालीला बोलले का, कुणाला बोलले. मंग एक दिवस आठवलंच मला. जावेला सांगितलं होतं, ओट्यापाशी उभी राहून, असं पार दिसलं मला डोळ्यापुढं.” त्यांनी मोडलेली शेंग परत न मोडलेल्यांत टाकली. “जाव त्या साली इथं नव्हतीच. लेकीकडं होती बाळंतपणाला. हे आत्ता ध्यानात येतंय माझ्या.”

मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

“तवापासून सोमवार धरलाय. कडक. पाण्याशिवाय काय नाय. महादेवाला म्हणलं, माझ्या तोंडानं पाप झालं, तर हे तोंड एक दिवस बंद. पण तिला एकदा माझ्या दारात आण.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “सत्संगात जाणं मीबी सोडलं. ती नसताना तिथं पातेली घासवंनात. एकटीच वाचते पोथी.” आणि मग विचारलं, “ती गेली, तवा तिच्या मनात मीच होते का, बोललेली?”

अक्का, इथं माझ्याकडं एक छान उत्तर तयार होतं. की शेवटी तू म्हणालीस, वत्सलाला सांग, माझ्या मनात काही नाही. मला ते सांगता आलं असतं, तुझ्या आवाजात, डोळ्यांत पाणी आणून. आणि त्या बाईंनी ते आयुष्यभर जपून ठेवलं असतं.

“व्हय,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. शेंगांची परात बाजूला सारली. बाहेरून कुठलंतरी विमान अगदी गच्चीवरून गेल्यासारखं गेलं, ते जाईपर्यंत आम्ही थांबलो.

मी म्हणालो, रविवारी आमच्याकडं या. तुमच्या मैत्रिणीची जागा आहे. तिथं काय करता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की तिघं-चौघं बसतो, ज्याचं जे चुकलं ते सांगतो.

“मंग मी येऊन काय सांगू?” त्या म्हणाल्या. “माझं तर काय चुकलंच नव्हतं म्हणता तुम्ही.”

दारापर्यंत आल्या. मी चपला घालत होतो तेव्हा मागून म्हणाल्या, “भाऊ, आता सोमवार सोडायचा का धरायचा? अकरा वर्षं झाली. हे आता कुणाला विचारू मी?”

मला सांगता आलं नाही. तुला सांगता आलं असतं. तू काहीतरी खडखडीत बोलली असतीस, त्या हसल्या असत्या, आणि दोघी मिळून उरलेल्या शेंगा मोडायला बसल्या असतात. तुझ्यासारखं मला येत नाही, अक्का. मी तुझ्या तालमीत एवढी वर्षं होतो आणि उचलली काय, तर फक्त गोष्टीची चाल. तू मला जेवू घातलंस, शाळेत घातलंस, माझ्या दर फालतू विनोदाला हसलीस. आणि तुझी एकुलती एक मैत्रीण मी घालवली, ते तुला कळू दिलं नाही. दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही, हे मी अठरा दिवस तपासून बघितलंय.

आज सोमवार आहे. दुपारचा दीड वाजलाय. सुनंदानं ताट वाढलंय, दोनदा हाक मारून गेली. चिकलठाण्याला त्या बाई जेवल्या असतील की नाही हे कळेपर्यंत माझ्यानं घास उचलणार नाही, असं मी इथं लिहिलं होतं. मग खोडलं. ते खरं नाही. मला भूक लागलीय, मी जेवणार आहे. त्या जेवल्या का, ते मला माहीत नाही.